दीर्घकाळ उभी राहिलेली मोटार आणि तिचे ब्रेक

यंत्र वापरल्याने झिजते, हे सर्वांनाच ठाऊक आहे. ते न वापरल्यानेही बिघडते, याची जाणीव मात्र फार थोड्यांना असते. मोटारीच्या बाबतीत या गोष्टीचा प्रत्यय अनेकदा तिच्या ब्रेकमध्ये येतो. काही आठवडे अंगणात किंवा इमारतीच्या आवारात उभी असलेली गाडी सुरू करावी, इंजिन विनातक्रार चालू व्हावे, गिअर पडावा आणि गाडी मात्र जागची हलू नये, असा अनुभव विशेषतः पावसाळ्यात अनेक वाहनमालकांना येतो. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा असंख्य वाहने आठवडेच्या आठवडे एकाच जागी उभी राहिली आणि ही अडचण अनेक घरांच्या परिचयाची झाली.

‘ब्रेक धरले’ किंवा ‘ब्रेक जाम झाले’ असे आपण ज्याला म्हणतो, ते नेमके काय असते, ते कसे टाळावे आणि धरलेले ब्रेक सुटल्यावर कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ब्रेकची रचना

बहुतेक लहान मोटारींच्या पुढील चाकांना डिस्क ब्रेक व मागील चाकांना ड्रम ब्रेक असतात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणद्रव्याचे पॅड असतात. पायाखालील पेडल दाबले की ब्रेक ऑइलवरील दाब नळ्यांतून कॅलिपरपर्यंत पोहोचतो आणि तेथील पिस्टन हे पॅड चकतीवर आवळतो. ड्रम ब्रेकमध्ये बिडाच्या ड्रमच्या आत दोन अर्धवर्तुळाकार शू असतात. त्यांवर लायनर बसविलेले असते. शू बाहेर फाकले की लायनर ड्रमच्या आतील अंगावर दाबले जाते.

ब्रेक लागण्यासाठी दाब असतो; परंतु सुटण्यासाठी काय असते? ड्रम ब्रेकमध्ये शू मागे ओढण्यासाठी स्प्रिंगा असतात. डिस्क ब्रेकमध्ये हे काम मुख्यतः पिस्टनभोवतालची एक रबरी कडी करते. ब्रेक दाबताना ती किंचित पिळली जाते आणि दाब सुटताच मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे घेते. एवढ्याशा अंतरावरच चाकाचे मोकळेपण अवलंबून असते. या मार्गात गंज किंवा मळ साचला तर ब्रेक लागतो, पण सुटत नाही.

ब्रेक का धरतात?

याचे पहिले कारण गंज हे होय. डिस्क व ड्रम यांच्या घर्षणाच्या पृष्ठभागाला रंग किंवा ग्रीस लावता येत नाही. तो भाग उघडाच ठेवावा लागतो. रोज चालणाऱ्या गाडीत रात्री धरलेला गंज सकाळी दोन-चार वेळा ब्रेक दाबताच पुसला जातो. उभ्या गाडीत तो पुसणारे कोणी नसते. दमट हवेत तो वाढत जातो आणि समुद्राकाठच्या खारट हवेत त्याची गती अधिकच असते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे पॅड किंवा लायनर आणि बीड यांमधील फट भरून निघते व दोन्ही भाग एकमेकांना चिकटतात.

दुसरे कारण म्हणजे ओढून ठेवलेला हँडब्रेक. बहुतेक गाड्यांत तो मागील चाकांवर चालतो. ओले लायनर ड्रमवर आठवडेच्या आठवडे दाबलेले राहिले, तर मधला गंज जणू सरसाचे काम करतो. शिवाय हँडब्रेकची पोलादी तार ज्या वेष्टनातून जाते, त्यात पाणी शिरल्यास तार आतच गंजते. मग दांडा खाली येतो, पण शू सुटत नाहीत.

तिसरे कारण डोळ्यांना न दिसणारे आहे. नेहमीच्या वापरातील ब्रेक ऑइल हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते. त्यामुळे पिस्टन व सिलिंडर आतून गंजू शकतात. जुनी रबरी नळी आतून फुगली, तर दाबाखाली ऑइल पुढे जाते, पण सहज परत येत नाही. अशा वेळी पेडल सोडले तरी ब्रेक लागलेलाच राहतो.

गाडी उभी करण्यापूर्वी

ब्रेक धरू नयेत यासाठी करावयाचे उपाय सोपे व जवळजवळ बिनखर्चाचे आहेत.

१. गाडी धुतल्यावर किंवा पाण्यातून आणल्यावर ती तशीच उभी करू नये. थोडे अंतर चालवून, मधूनमधून हलकेच ब्रेक दाबून ते कोरडे करावेत.

२. गाडी सपाट, कोरड्या व हवेशीर जागी ठेवावी. गवत किंवा ओली माती यांवर ठेवल्यास खालून सतत ओलावा लागतो. हवा न खेळणारे आच्छादन टाकल्यास तो आतच कोंडतो.

३. अनेक आठवडे गाडी उभी राहणार असेल, तर सपाट जागी हँडब्रेक न ओढता ती पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावावेत. स्वयंचलित गिअरच्या गाडीत ‘पी’ ही स्थिती वापरावी. उतारावर मात्र हँडब्रेकवाचून गाडी ठेवू नये. विजेवर चालणाऱ्या हँडब्रेकच्या बाबतीत उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे वागावे.

४. शक्य असल्यास आठवड्यातून एकदा गाडी काही किलोमीटर चालवावी. जागेवर नुसते इंजिन चालू ठेवल्याने ब्रेकला काहीही लाभ होत नाही. त्यासाठी चाक फिरलेच पाहिजे.

५. डिस्क किंवा ड्रमवर गंज धरू नये म्हणून तेल वा ग्रीस कदापि लावू नये. तेलकट ब्रेक गाडी थांबवू शकत नाही.

ब्रेक धरल्यास

गाडी हलत नाही असे दिसताच ॲक्सिलरेटर जोराने दाबणे ही सर्वसाधारण प्रवृत्ती असते. तसे करू नये. त्यामुळे क्लचवर ताण येतो आणि क्वचित लायनर शूपासून उखडून ड्रमलाच चिकटून राहते. प्रथम हँडब्रेक पूर्ण सुटला आहे याची खात्री करावी. समोर व मागे कोणी नाही हे पाहून गाडी सावकाश पुढे आणि मग मागे सोडून पाहावी. गंज थोडाच असेल, तर एक ‘कट्’ असा आवाज होऊन चाक मोकळे होते. एक-दोन प्रयत्नांत ते न सुटल्यास कारागिराला बोलवावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते. ड्रममधील धूळ फुंकून उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो.

खरा धोका

गाडी न हलणे ही गैरसोय आहे; खरा धोका ती हलल्यानंतर संभवतो. ब्रेक अर्धवट सुटलेला असला तरी गाडी चालते आणि मालक निर्धास्त होतो. प्रत्यक्षात एखादे चाक पॅडला घासतच फिरत असते. इंधन अधिक लागते, गाडी एका बाजूला ओढते, जळका वास येतो आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते.

येथे शोषलेल्या पाण्याचा परिणाम दिसतो. ‘डॉट ४’ प्रतीच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंश आहे. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पेडल तळापर्यंत जाते आणि गाडी थांबत नाही. आंबा किंवा कशेडी घाटाच्या उतारावर हे घडले, तर काय होईल हे सांगावयास नको.

यास्तव दीर्घकाळ उभी राहिलेली गाडी एकदम लांबच्या प्रवासास नेऊ नये. प्रथम मोकळ्या रस्त्यावर मंद गतीने ब्रेक तपासावेत. पाच-सहा किलोमीटर चालवून, ब्रेकचा शक्य तितका कमी वापर करून थांबावे व प्रत्येक चाकाजवळ, स्पर्श न करता, हात नेऊन पाहावे. एकच चाक इतरांपेक्षा फार तापलेले असेल, तर गाडी पुढे नेऊ नये. ब्रेक ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत बदलावे. बहुतेक गाड्यांत ही मुदत सुमारे दोन वर्षांची असते. त्यात इंजिन ऑइलसारखे खनिज तेल पडल्यास आतील रबरी भाग फुगून निकामी होतात.

संस्थांची वाहने

खाजगी गाडीपेक्षाही ही दक्षता संस्थांच्या वाहनांना अधिक लागू पडते. संस्थेची रुग्णवाहिका अनेक दिवस उभी असते; पण तिची गरज लागते ती एका क्षणात. अशा प्रत्येक वाहनाच्या नोंदवहीत ते शेवटचे केव्हा चालविले आणि ब्रेक कधी तपासले, याचा एक रकाना ठेवल्यास काम सुलभ होईल. आठवड्यातील एक ठरावीक दिवस व पंधरा मिनिटांचा फेरफटका एवढ्याने पुष्कळसा बिघाड टळेल आणि रात्री-अपरात्री बोलावणे येताच वाहन निघू शकेल व वाटेत हवे तेथे थांबूही शकेल.