तुटण्यासाठीच बसवलेली पीन



गव्हाण बंद पडली की यार्डातून पहिला प्रश्न येतो, "साहेब, आता किती वेळ?" मी शेतकी खात्याचा माणूस, यंत्राचा नव्हे. पण गाड्या उभ्या राहिल्या की उत्तर मलाच द्यावे लागते. म्हणून इंजिनिअरिंग खात्याच्या मंडळींना विचारून विचारून जे समजले ते येथे मांडतो. या दुखण्याचे मूळ पुष्कळदा मोळीत, म्हणजे आपल्याच शेतात असते.

मिलचा रोलर फार हळू फिरतो, मिनिटाला साधारण ४ ते ६ फेरे. मोटर मात्र १००० फेरे मारते असे धरा. मध्ये गिअरबॉक्स घालून हजाराचे ५ केले, म्हणजे वेग २०० पट कमी झाला आणि घर्षणात जाते तेवढे सोडले तर पिळाची ताकद २०० पट वाढली. ऊस पिळायला हीच ताकद लागते. पूर्वी गुऱ्हाळावर चरकाला बैल जुंपीत. चरकात दगड अडकला की बैल थांबे, फार तर जू मोडे. मोटर थांबत नाही.

कोणी म्हणेल, जास्त लोड आला की मोटर आपोआप बंद होते ना? होते. पण त्या रिलेला पुष्कळदा काही सेकंद लागतात, आणि अर्ध्या सेकंदात आपली ही मोटर ८ फेरे मारून मोकळी होते. शिवाय वीज तोडली तरी आतले जड फिरते पोलाद लगेच थांबते थोडेच! उतारावर भरलेल्या गाडीचे बैल सोडले तरी गाडी पळतेच, तसेच हे. फिरत्या वजनातला जोर वेग दुप्पट झाला की चौपट होतो. रोलर एकाएकी अडला की हा सगळा जोर गिअरच्या दातांवर येऊन आदळतो. एक दात तुटला की त्याचा तुकडा पुढच्या दातांत जातो, आणि मग सगळाच खेळ संपतो. मोटरचे रिले मोटरला वाचवते, गिअरबॉक्सला नाही, हे आपण नीट ध्यानात घ्यावे.

म्हणून मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये असे काही ठेवावे लागते की जे आधी हार मानेल. एक म्हणजे फ्लुइड कपलिंग. यात लोखंड लोखंडाला धरीत नाही, तेल फिरते आणि तेलाच्या जोरावर पुढचे चाक फिरते. पुढे अडले तर तेल घसरते. बराच वेळ अडून राहिले तर तेल तापते, त्यातला एक प्लग वितळतो, तेल बाहेर पडते आणि जोर तुटतो. जर्मनीच्या फ्योटिंगर नावाच्या इंजिनिअरने १९०५ साली याचे पेटंट घेतले, ते जहाजांसाठी. पीठगिरणीचा पट्टा घसरतो त्यातलीच ही तऱ्हा समजा. मिलचा वरचा रोलरही पक्का जखडलेला नसतो. तो तेलाच्या दाबाखाली असतो, आणि कठीण गोळा आला की थोडा वर उचलला जातो.

दुसरा उपाय सर्वांत स्वस्त, तो म्हणजे शिअर पीन. ठरावीक पिळाच्या वर ती कापली जाते. नवी बसवायला थोडा वेळ लागतो, गिअरबॉक्स मात्र शाबूत राहतो. ट्रॅक्टरवाल्या सभासदांनी हे खास वाचावे, कारण पुष्कळशा रोटाव्हेटरच्या शाफ्टवर हाच बोल्ट असतो. आमच्या घरच्या रोटाव्हेटरचा बोल्ट एका दिवसात तीनदा तुटला, म्हणून मी शहाणपणा करून ८.८ च्या जागी डोक्यावर १०.९ आकडा असलेला बोल्ट घातला. तो तुटला नाही. गिअरबॉक्स तुटला. बोल्ट सारखा तुटत असेल तर कारण शोधावे. ते पात्यांत गुंडाळलेली तार असेल, जमिनीत गाडलेला दगड असेल किंवा ट्रॅक्टरवाल्याची घाई असेल. बोल्ट मात्र कंपनीच्या पुस्तकात दिला असेल त्याच नंबरचा घालावा.

आता मोळीकडे वळू. मिलच्या आधी लोखंड ओढून घेणारे चुंबक असते. पण ते दगड ओढीत नाही, आणि उसाच्या जाड थराखाली खोल दडलेला लोखंडी तुकडाही निसटतो. चुंबकाच्या आधी फायब्रायझर असतो, मिनिटाला सुमारे ७५० फेऱ्यांचा. त्याचे हातोडे लटकते असल्यामुळे दणका बसला की मागे झुकतात, तरी ट्रॉलीची पीन त्यात गेली तर ते तरी काय करणार! उसातून आलेली हरवलेली कोयती, गाडीची साखळी, पहारेचा तुकडा, हे सगळे मी पाहिले आहे. तापीकाठच्या काळ्या रानात पावसानंतर तोड झाली की मोळीबरोबर मातीची ढेकळे येतात. ढेकळाने दात मोडत नाही, पण भार एकदम वाढतो आणि रोलर झिजतात.

खान्देशात फैजपूर, चोपडा, शहादा, शिरपूर, साक्री, चाळीसगाव या भागांत सहकारी कारखाने उभे राहिले, आणि त्यांतले काही बंद पडलेलेही आपण पाहिले. त्याची कारणे अनेक होती, त्यात शिरत नाही. पण चालू कारखान्याचा एक दिवस मोडला तर झळ कोणाला बसते? तोडलेला ऊस मार्चच्या जळगावी उन्हात पडून राहिला की वजन घटते, साखर घटते. वजन ज्याचे त्याचे घटते, उतारा मात्र सर्वांचा मिळून धरला जातो.

तेव्हा ट्रॉली भरताना फडात एक फेरी मारावी. कोयते किती आले, किती परत गेले ते मुकादमाला मोजायला लावावे. ट्रॉलीच्या पिना दोरीने नव्हे, साखळीने बांधाव्यात. आणि काही हरवलेच, तर गाडी गव्हाणीवर जाण्याआधी वजनकाट्यावर सांगावे. सांगणाऱ्यावर कोणी ओरडू नये असे माझे यार्डातल्या मंडळींनाही सांगणे आहे. ओरडा बसला की पुढच्या वेळी माणूस गप्प बसतो, आणि कोयता थेट मिलमध्ये जातो.