दोन गाड्या, एक रूळ

आमचे गाव भद्रावती. रेल्वेच्या वेळापत्रकात मात्र ते सापडते भांदक या नावाने. हे स्टेशन वर्धा-बल्लारशा मार्गावर आहे. आजूबाजूला कोळशाच्या खाणी असल्यामुळे या मार्गावर मालगाड्यांची ये-जा फार.

माझा भाचा आठवीत शिकतो. मागच्या वर्षी तो पुण्याला गेला होता. तेथे कोथरूड भागात छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांनी आपल्या छंदातून ते उभे केले आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. एकाच मांडणीवर अनेक गाड्या धावताना पाहून भाचा वेडा झाला. घरी आल्यावर त्याने सहा फूट लांब, चार फूट रुंद प्लायवूडवर रूळ बसवले. एक गोल मार्ग आणि स्टेशनात बाजूला आणखी एक रूळ. दोन जुनी इंजिनेही मिळाली. ही छोटी रेल्वे खऱ्या रेल्वेच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी असते. खरा डबा सुमारे २२ मीटर लांब, म्हणून तिचा डबा २५ सेंटीमीटर. तुम्ही भागाकार करून पाहा.

आता प्रश्न होता गाड्या चालवणाऱ्या यंत्राचा, म्हणजे कंट्रोलरचा. तीन ईदींचे पैसे त्याने साठवले होते. एक दिवस तो सूचीपत्र घेऊन माझ्याकडे आला.

"मामू, हा सर्वांत मोठा डिजिटल कंट्रोलर घेऊ या. याच्यावर दहा गाड्या चालतात!"

"तुझ्याकडे इंजिने किती?"

"दोन."

"मग चल, आधी स्टेशनवर जाऊ."

आम्ही फलाटावर बसलो. कोळशाची एक मालगाडी बाजूच्या रुळावर उभी होती. तिच्या इंजिनाचा दिवा लागलेला होता; पण तिला सिग्नल मिळाला नव्हता. थोड्या वेळाने मुख्य रुळावरून एक एक्सप्रेस धडधडत निघून गेली. फलाट हादरला. मालगाडी जागची हलली नाही.

"तुझ्या टेबलावर हे जमेल का?" मी विचारले.

तो विचारात पडला. साध्या कंट्रोलरवर हे सहज जमत नाही. साधा कंट्रोलर काय करतो? घरातली २३० व्होल्टची वीज तो १२ व्होल्टपर्यंत उतरवतो आणि थेट रुळांत सोडतो. बटण फिरवले की रुळांतला दाब वाढतो आणि गाडी जोरात धावते. रुळांवर दोन इंजिने असली, तर दोन्ही धावतात. एकाला थांबवायचे असेल, तर बाजूच्या रुळाची वीज वेगळ्या खटक्याने बंद करावी लागते. हा उपाय स्वस्त आहे आणि मुळीच वाईट नाही. पण वीज तुटली की उभ्या इंजिनाचा दिवाही विझतो.

मी वर बोट दाखवले. "या तारेत २५,००० व्होल्टची वीज आहे. मालगाडी उभी आहे म्हणून ती बंद केली का?"

"नाही. वीज तशीच असते. गाडी चालवतो तो ड्रायव्हर."

डिजिटल पद्धत अगदी अशीच आहे. रुळांत वीज कायम असते. इंजिनाच्या पोटात एक लहानसा ड्रायव्हर बसवलेला असतो. त्याला डीकोडर म्हणतात. प्रत्येक डीकोडरला क्रमांक असतो. कंट्रोलर त्याच रुळांतून हुकूम पाठवतो: 'क्रमांक ३, हळू चाल.' हा हुकूम क्रमांक ३ पाळतो, बाकीचे गप्प राहतात. जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या पद्धतीवर ही रीत आधारलेली आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने तिचे नियम ठरवले. त्यामुळे हे नियम पाळणाऱ्या एका कंपनीचा कंट्रोलर दुसऱ्या कंपनीचे इंजिन चालवू शकतो. घेताना हे आधी पाहावे.

"म्हणजे डिजिटलच घ्यायचा ना, मामू?"

"घे. पण दोन्ही इंजिनांसाठी डीकोडर लागतील. त्यांचे पैसे धरलेस का?"

त्याने ते धरले नव्हते. पुष्कळ लोक येथेच फसतात. पेटीची किंमत पाहतात आणि इंजिनांचा खर्च विसरतात. आम्ही फलाटावरच वहीत हिशोब मांडला. मोठा कंट्रोलर घेतला, तर डीकोडर घ्यायला पैसे उरत नव्हते. लहान घेतला, तर दोन्ही डीकोडर येत होते. त्याच्या आकाराचे इंजिन साधारण अर्धा अँपिअर किंवा त्याहून कमी वीज घेते. मग दोन अँपिअरचा कंट्रोलर दोन गाड्यांना पुरून उरतो. शिवाय मोठ्या कंट्रोलरचा जोर लहान मांडणीला धोक्याचाही ठरतो. गाडी घसरून दोन रूळ एकमेकांना जोडले गेले, तर वीज तुटेपर्यंत चाके तापतात आणि प्लॅस्टिक वितळू शकते.

माझा एकच हट्ट होता. वेग कमी-जास्त करायला गोल फिरणारे बटण हवे. डोळे गाडीवर असताना हाताला ते आपोआप सापडते.

भाच्याने लहान कंट्रोलर घेतला. डीकोडर बसवले, ओळखीच्या रेडिओ मेकॅनिककडून तारा तपासून घेतल्या. पहिल्या संध्याकाळी सारे घर जमले. त्याने बटण फिरवले आणि दोन्ही इंजिने एकदम धावू लागली! त्याचा चेहरा उतरला. सारे पैसे पाण्यात गेले, असे त्याला वाटले.

मी माहितीपुस्तक उघडले. नव्या डीकोडरला कारखान्यात बहुधा ३ हाच क्रमांक दिलेला असतो. म्हणजे आमच्या दोन्ही ड्रायव्हरांचे नाव एकच होते! त्याने मालगाडीचे इंजिन एकटे रुळावर ठेवले आणि त्याला ७ क्रमांक दिला. तरीही ते अडखळत होते. रुळांवर धूळ साचली होती, हुकूम चाकांपर्यंत नीट पोहोचत नव्हता. स्वच्छ फडक्याने रूळ पुसले.

मग मालगाडी बाजूच्या रुळावर जाऊन उभी राहिली. दिवा लागलेलाच होता. शेजारून एक्सप्रेस निघून गेली. एकदा, दोनदा, तीनदा.

आपा चहा घेऊन आली. टेबलाकडे पाहून तिने मुलाला विचारले, "का रे, त्या बिचाऱ्या मालगाडीला सिग्नल कधी देणार?"