कड्याआधी वाडी

सौताड्याला लोक पावसाळ्यात जातात, आम्ही गेलो जानेवारीत. पाटोदा तालुक्यातल्या या दरीत विंचरणा नदी उडी घेते आणि तळाशी रामेश्वराचं देऊळ आहे. देवळाच्या डोक्यावर दोर लावायचा नाही, एवढं आम्हाला कळत होतं. एक दगड सुटला तरी खाली भाविक असतात. म्हणून दरी सोडून बालाघाटातल्या एका आडबाजूच्या कड्याकडे निघालो. आम्ही चौघं, सगळे बोल्ट मारलेल्या वाटांवर शिकलेले. इथं बोल्ट नव्हते. माथ्यावरचं झाड आणि एक भक्कम धोंडा असा दोन ठिकाणी अँकर बांधून टॉप-रोप सोडला. एकट्या झाडावर विसंबू नका. मुरमाड माथ्यावर मुळं फार खोल गेलेली नसतात.

अँकर नीट होता. चूक नजरेची झाली. बेसॉल्टचे थर एकावर एक असतात. थराचा वरचा भाग बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी कच्चा, मधला घट्ट, आणि दोन थरांत कधी गेरूसारखी लाल पट्टी. ही मऊ पट्टी झिजत जाते, वरचा कातळ छज्ज्यासारखा पुढे राहतो. आम्हाला त्या छज्ज्यात अवघड, मजेदार चढाई दिसली. आग्यामाश्यांनाही नेमकी तीच जागा आवडते. खालून काळा डाग दिसला होता, तो पाण्याचा ओघळ असेल असं मीच म्हणालो.

मित्र पंधराएक मीटर वर असताना त्याच्या हातातला होल्ड निखळला. दगड खाली आला आणि त्यामागोमाग घोंगावणं.

माश्या उठल्या की पळा, असं सगळे सांगतात. पण बिले देणारा, म्हणजे खालून दोर सांभाळणारा, पळणार कसा? दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस लटकलेला. माझ्या मनगटावर, कानामागे माश्या डसत होत्या आणि दोर सोडता येत नव्हता. शेवटी मित्राला खाली उतरवलं ते भलत्याच वेगानं. मित्र धाडकन खाली आला, घोटा मुरगळला. तेव्हापासून अशा ठिकाणी मी साधं बिले उपकरण वापरत नाही, दोर अडवायला मदत करणारं ग्रिग्री घेतो, आणि दोराच्या शेवटी गाठ मारल्याशिवाय कुणाला जमीन सोडू देत नाही. जाळीचा टोप प्रत्येकाच्या खिशात, बॅगेत नव्हे. काटे लगेच खरवडून काढा. त्यातून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो बाकीच्या माश्यांना बोलावतो. दम लागला, घसा आवळला, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना.

पण दवाखान्यापर्यंत न्यायचं कुणी? 108 फिरवायला रेंज नव्हती. दोर तिथंच टाकून, मित्राला दोघांच्या खांद्यावर घेऊन खालच्या वाडीत आलो. आठ-दहा तरणे गडी जमतील, अशी माझी समजूत. बहुतेक दारांना कुलपं. ओसरीवरच्या आजी म्हणाल्या, "बाबा, माणसं कुठंयत इथं? समदी कारखान्याला गेली."

मी याच भागातला, तरी हे डोक्यात आलं नव्हतं. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी मुकादमाची मोजणी. परत येतात ते हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात. म्हणजे आमचा चढाईचा मोसम आणि वाडी रिकामी असण्याचा मोसम एकच. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं.

शेवटी आजींची बाज उलटी करून तिचं स्ट्रेचर केलं. चौथा खांदा दहावीतल्या पोराचा. रेंज पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर मिळते, हेही त्यानंच दाखवलं.

आता कुठल्याही नव्या कड्याखाली जाण्याआधी मी वाडीत तासभर बसतो. जमीन कुणाची, गाडी कुणाकडे आहे, फोन कुठून लागतो, ओढ्याला पाणी आहे का, हे विचारतो आणि किती वाजेपर्यंत परतू ते सांगून जातो. पाटोद्याकडे नायगावचं मयूर अभयारण्यही आहे. तिथल्या हद्दीत वनविभागाला विचारल्याशिवाय पाऊल नाही.

त्या दिवशी बाज उचलण्याआधी आजींनी तांब्याभर पाणी दिलं आणि कुठं गेला होतात, असं विचारलं. मी कडा दाखवला.

"तिकडं व्हय? तिथं दरसाली मोहोळ बसतंय की. सकाळी इथनंच गेलाव ना तुमी?"