घुमा म्हणू नका हो त्याला

आईबाबांनो, गणपतीत मामा नवी सायकल घेऊन येतो. पोरगा ‘थँक्यू’ पुटपुटतो, चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. मामा खट्टू. आजी म्हणते, ‘‘घुमाच आहे मेला!’’ तुम्ही ओशाळून दटावता, ‘‘अरे, जरा हस की!’’ मग तो नुसते दात दाखवतो. रात्री मात्र हाच पोरगा दांड्यावरची चिकटपट्टी नखाने हळूहळू सोलत बसलेला असतो, रंगाचा टवकाही उडू न देता. आनंद झालाय त्याला, आणखी काय हवं?

नालासोपारा-विरारला आपलं कसं असतं? पहाटे डबे भरायचे, लोकल गाठायची, परत यायला रात्र. दमलेला माणूस पोराच्या चेहऱ्यावरूनच दिवसाची खबर घेतो. ज्याचा चेहरा बोलत नाही, त्याची मग पंचाईत होते. तो शिष्ट ठरतो, नाहीतर निगरगट्ट.

काहींचा स्वभावच तसा असतो. काहींना आत काय चाललंय ते स्वतःलाच नीट सांगता येत नाही. सिफ्नीऑस नावाच्या डॉक्टरांनी 1973 मध्ये त्याला ‘अलेक्सिथायमिया’ म्हटलं. स्वमग्न मुलांचे हावभावही पुष्कळदा वेगळे असतात. डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक. त्यांनी 2012 मध्ये मांडलं, की स्वमग्न माणूस आणि इतर यांच्यात न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. मला हे फार पटतं. आपण मात्र सगळं खापर पोरावर फोडतो.

अशा मुलाला समोर बसवून ‘‘कसं वाटतंय?’’ विचारलं, तर ‘‘बरं’’ याच्यापुढे गाडी जात नाही. त्यापेक्षा रविवारी भुईगावच्या किनाऱ्यावर शेजारी शेजारी चालताना विचारा, ‘‘सरांनी हाक मारली तेव्हा पोटात गोळा आला का रे?’’ पोटातलं, छातीतलं सांगणं त्याला सोपं जाईल. उत्तराची घाई करू नका.

एक मात्र ध्यानात ठेवा. मूळचा बोलका, हसरा मुलगा दोन-तीन आठवडे मख्ख झाला, जेवण-झोप बिघडली, मित्र तुटले, तर तो स्वभाव नव्हे. ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. वर्षाचं बाळ हाकेला वळून बघत नसेल, तरीही बालरोगतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मदतवाहिनी ऑक्टोबर 2022 पासून आहे. चोवीस तास आणि मोफत. नंबर 14416. आजच मोबाइलमध्ये भरून ठेवा.