किटची किंमत विचारू नका, नमुन्याची विचारा

ॲड्रोपिन हे नाव कॉलेजच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. 2008 साली उजेडात आलेले हे 76 अमिनो आम्लांचे प्रथिन साखर आणि चरबीच्या चयापचयाशी जोडलेले आहे. आजऱ्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याने मधुमेहींच्या रक्तात ते मोजायचे ठरवले, तर विषय उत्तमच. पण कोटेशन हातात आले की घाम फुटतो, म्हणून हा हिशोब.

रक्तातले प्रथिन मोजण्याचे एलायझा किट चिनी बनावटीचे असेल तर वितरकाकडे साधारण वीस ते चाळीस हजारांना मिळते. अमेरिकन किंवा युरोपीय किट सहज त्याच्या दुप्पट जाते. प्लेटमध्ये 96 वेल असतात, म्हणून 96 नमुने होतील असे धरून चालू नका. सात स्टँडर्ड आणि एक ब्लँक, प्रत्येकी दोनदा, यात 16 वेल जातात. उरलेल्या 80 मध्ये प्रत्येक नमुना दोनदा लावला की 40 नमुने होतात. चाळीस हजारांचे किट म्हणजे नमुन्यामागे हजार रुपये. वीसच नमुने लावून उरलेली प्लेट वाया घालवली, तर तोच नमुना दोन हजारांना पडतो. पट्ट्या सुट्या करून दोन वेळा काम करता येते, पण स्टँडर्ड दोन्ही वेळी लावावे लागतात आणि नमुने 32 वर येतात. म्हणून सगळे नमुने जमेपर्यंत किट मागवूच नका. लागलेच तर त्याच विषयावर काम करणारा जोडीदार शोधा.

किटखेरीज कृत्रिम पेप्टाइडही मागवायचे असेल, तर त्याचा भाव प्रत्येक अमिनो आम्लामागे लागतो आणि शुद्धता वाढली की तो चढतो. प्रयोगात वापरतात तो ॲड्रोपिनचा 34 ते 76 हा तुकडा 43 अमिनो आम्लांचा आहे. दर सहाशे रुपये धरला तर 25,800 होतात. त्यात एक डायसल्फाइड बंध आहे, तो जोडून देण्याचे पैसे वेगळे. कोटेशनमध्ये तसे लिहून घ्या. '95 टक्के शुद्ध' याचा अर्थ कुपीतल्या वजनात 95 टक्के पेप्टाइड असा होत नाही. पाणी आणि क्षारही त्याच वजनात येतात, त्यामुळे 10 मिलिग्रॅममध्ये खरे पेप्टाइड 7 मिलिग्रॅमच निघू शकते. ते निव्वळ प्रमाण, एचपीएलसी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीचा अहवाल मागितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. आणि नुसते रक्तातले प्रमाण मोजायचे असेल तर किटमध्ये स्टँडर्ड असतोच. किट तपासण्यापुरते 1 मिलिग्रॅम पुष्कळ झाले.

ही तपासणी मात्र टाळू नका. नमुन्यात ठरावीक पेप्टाइड घालून ते किट किती दाखवते ते पाहा. नमुना निम्मा पातळ केल्यावर आकडाही निम्मा येतो का, तेही पाहा. 2012 साली गाजलेल्या आयरिसिन या प्रथिनावर जगभर निबंध निघाले आणि 2015 मध्ये एका गटाने दाखवले, की त्यासाठी बाजारात मिळणारी प्रतिपिंडे रक्तातली भलतीच प्रथिने पकडत होती. आयरिसिन रक्तात असते हे पुढे मास स्पेक्ट्रोमेट्रीने दिसले, पण तोवर किटवर ओतलेला पैसा परत आला नाही. अनोळखी प्रथिनाच्या बाबतीत माझ्या मते स्वस्त किटपेक्षा हा तपासणीचा तपशील छापलेले किट जास्त मोलाचे.

पार्सल शुक्रवारी निघू देऊ नका. रविवारी ते कुठल्या तरी गोदामात पडून राहते आणि जेल पॅक वितळतात. खोके उघडताच लॉट नंबर, मुदत आणि पॅकचा फोटो काढून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा. कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, कारण पांढरी पूड झाकणाला चिकटलेली असते आणि दिसतही नाही. पेप्टाइड विरघळवल्यावर लहान भाग करून गोठवा; एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवली की माल बिघडतो. 'फक्त संशोधनासाठी' लिहिलेली कुपी कुणी ताकदीचे इंजेक्शन म्हणून मागितली, तर साफ नाही म्हणा.

प्लेट रीडर जवळ नसेल तर किट आजऱ्याला आणूच नका. पावसाळ्यात वीज गेली की फ्रीजचा भरवसा नसतो. स्टॉप द्रावण घातल्यावर 450 नॅनोमीटरवर थोड्याच मिनिटांत वाचन घ्यावे लागते. तेवढ्यात प्लेट घेऊन कोल्हापूर गाठता येत नाही. किट कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर मागवा, रीडरची वेळ आधी लेखी ठरवा, त्याचे शुल्क हिशोबात धरा आणि गोठवलेले सीरम बर्फात घालून तिकडे न्या.