रक्तशुद्धीचे यंत्र आणि रुग्णाचे मन

मानवी शरीरातील दोन मूत्रपिंडे आकाराने मुठीएवढीच असतात. परंतु त्यांचे कार्य फार मोठे आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात, त्यातील बहुतेक सर्व पुन्हा रक्तात परत घेतात आणि केवळ दीड-दोन लिटर मूत्र बाहेर टाकतात. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा अन्य विकारांमुळे या गाळण्या निकामी झाल्या, म्हणजे रक्तात त्याज्य द्रव्ये व पाणी साठू लागते. अशा वेळी रक्त शरीराबाहेर नेऊन ते यंत्राने शुद्ध करावे लागते. या क्रियेस अपोहन किंवा डायलिसिस असे म्हणतात.

यंत्राची वाटचाल

‘डायलिसिस’ हा शब्द स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहम याने १८६१ मध्ये रूढ केला. विशिष्ट पडद्यातून लहान कण पलीकडे जातात व मोठे कण अडून राहतात, हे त्याने दाखवून दिले. याच तत्त्वाचा उपयोग करून १९४३ मध्ये विलेम कोल्फ या डच डॉक्टराने हॉलंडमधील कांपेन या गावी कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. त्या वेळी देश जर्मनांच्या ताब्यात होता व साहित्याची टंचाई होती. लाकडी पट्ट्यांच्या फिरत्या पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळून त्याने आपले यंत्र बनविले. त्याचे आरंभीचे बहुतेक रुग्ण दगावले. परंतु १९४५ मध्ये बेशुद्धावस्थेत आलेली एक ६७ वर्षांची स्त्री या यंत्रामुळे वाचली. पुढे १९६० मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर याने रुग्णाच्या हातावर कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी योजली. तेव्हापासून तेच उपचार पुनःपुन्हा, वर्षानुवर्षे करणे शक्य झाले.

येथेच एक नवा प्रश्न उपस्थित झाला. पूर्वी मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेला रुग्ण थोड्याच दिवसांत मृत्यू पावत असे. आता तो जगू लागला. परंतु यंत्राच्या आधाराने. अशा जीवनात मनाचे काय होते, याचा विचार करणे वैद्यकास भाग पडले.

आठवड्यातील बारा तास

बंगळूर शहराच्या उत्तरेस, बळ्ळारी रस्त्यावर हेब्बाळ हा भाग आहे. एके काळी तेथील तळ्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या परिसरात आज मोठी रुग्णालये आहेत. अशा ठिकाणी डायलिसिससाठी येणाऱ्या रुग्णाचा क्रम साधारणपणे ठरलेला असतो : आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास. आठवड्यात १६८ तास असतात. निरोगी मूत्रपिंडे त्या सर्व तासांत अखंड काम करतात. यंत्र मात्र केवळ बारा तास काम करते. उरलेल्या काळात साठणारे पाणी, क्षार व त्याज्य द्रव्ये यांचा भार शरीरास सोसावा लागतो. म्हणूनच पथ्य कडक असते.

या बारा तासांत जाण्यायेण्याचा वेळ धरलेला नाही. येलहंका किंवा दोड्डबळ्ळापूर येथून येणाऱ्याला हेब्बाळच्या उड्डाणपुलावरील वाहनांच्या गर्दीतून वाट काढावी लागते. उपचारानंतर बराच वेळ थकवा राहतो. अशा रीतीने आठवड्यातील तीन दिवस जवळजवळ संपूर्ण खर्ची पडतात. ज्याला रोजच्या रोज कामावर हजर राहावे लागते, त्याची नोकरी टिकणे कठीण होते; आणि उत्पन्न घटते त्याच वेळी खर्च वाढतो.

पथ्याचा परिणामही केवळ जिभेवर होत नाही. पाणी मोजून प्यावे लागते. केळी, शहाळ्याचे पाणी यांत पोटॅशियम भरपूर असते व ते रक्तात साठल्यास हृदयाची गती बिघडते. म्हणून हे पदार्थ वर्ज्य किंवा अत्यंत मर्यादित असतात. मीठ कमी करावे लागते. आपल्याकडे पाहुण्यास प्रथम पाणी देतात, लग्नाच्या पंगतीत आग्रह करतात, देवळात तीर्थ व प्रसाद देतात. या प्रत्येक प्रसंगी रुग्णास नकार द्यावा लागतो आणि कारण सांगत बसावे लागते. हळूहळू तो अशा प्रसंगांना जाण्याचेच टाळू लागतो. एकाकीपणाची सुरुवात पुष्कळदा येथून होते.

मनाच्या तीन अवस्था

१९७२ मध्ये राइख्‌समन व लेव्ही या अमेरिकन संशोधकांनी २५ रुग्णांचे चार वर्षे निरीक्षण करून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना बहुतेक रुग्णांत तीन अवस्था आढळल्या. प्रथम जीव वाचल्याचा व त्रास कमी झाल्याचा आनंद असतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, विशेषतः पुन्हा कामधंद्यास लागण्याची वेळ आली म्हणजे, निराशा येते. हे आता कायमचेच आहे, ही जाणीव मन व्यापते. अखेरीस दीर्घकालीन जुळवणूक होते. तीतही चढउतार असतातच. दुसऱ्या अवस्थेतील खिन्नता हा स्वभावदोष किंवा कृतघ्नपणा नव्हे, हे घरच्या मंडळींनी ओळखले पाहिजे.

तथापि सर्व खिन्नता या मार्गाने आपोआप ओसरत नाही. अनेक देशांतील पाहण्या एकत्र केल्या असता, प्रत्यक्ष मुलाखतीने तपासलेल्या डायलिसिसच्या रुग्णांपैकी एक पंचमांश ते एक चतुर्थांश रुग्णांत अवसाद, म्हणजे नैराश्याचा विकार, आढळला आहे. हा विकार ओळखणे मात्र अवघड असते. थकवा, भूक मंदावणे, झोप न लागणे ही अवसादाची लक्षणे होत. पण तीच लक्षणे रक्ताल्पता व रक्तातील त्याज्य द्रव्ये यांमुळेही उद्भवतात. म्हणून नुसत्या थकव्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. सतत हताश वाटणे, आवडीच्या गोष्टींत रस न उरणे, आपण कुटुंबावर ओझे आहोत असे वाटणे, उपचारास वारंवार दांडी मारणे, जगणे नकोसे झाल्याचे बोलून दाखविणे, या खुणा अधिक महत्त्वाच्या आहेत.

एक सर्वपरिचित उदाहरण

लोकनायक जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे १९७५ मध्ये, आणीबाणीतील स्थानबद्धतेच्या काळात निकामी झाली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले व तेथे त्यांचे डायलिसिस सुरू झाले. त्यांच्यासाठी यंत्र घेता यावे म्हणून लोकांनी वर्गणी जमविली. १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी याच अवस्थेत प्रचारसभांतून भाषणे केली. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटणा येथे त्यांचे निधन झाले. म्हणजे सुमारे चार वर्षे ते यंत्राच्या आधाराने जगले.

या उदाहरणापासून ‘त्यांना जमले, मग तुम्हांला का नाही?’ असा बोध घेणे चुकीचे ठरेल. त्यांच्यामागे निष्णात डॉक्टर होते आणि देशभरच्या लोकांचा आधार होता. सामान्य रुग्णास ही साधने क्वचितच लाभतात. खरा बोध असा की, करण्यासारखे काम व सोबतीची माणसे असली, तर यंत्राशी बांधलेले जीवनही अर्थपूर्ण होऊ शकते. आणि म्हणून ती दोन्ही मिळवून देणे हे समाजाचे कर्तव्य ठरते.

उपाय

पहिला उपाय शारीरिक आहे. रक्ताल्पता, खाज, पायांची अस्वस्थता व निद्रानाश यांवर इलाज झाल्यास मनाचा भारही हलका होतो. दुसरा उपाय संभाषणाचा. विचारांची चुकीची वळणे ओळखून ती बदलण्यास शिकविणारी मानसोपचारपद्धती उपयुक्त ठरते व ती डायलिसिसच्या खुर्चीवरच, त्या चार तासांत देता येते. हे संभाषण रुग्णाच्या भाषेत व्हावयास हवे. बंगळुरात कन्नड, तेलुगू, तमिळ, उर्दू व मराठी बोलणारे रुग्ण असतात; परक्या भाषेत दुखणे सांगता येते, पण दुःख सांगणे कठीण जाते. औषधांचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा; कारण अनेक औषधे मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडतात.

तिसरा उपाय आर्थिक व सामाजिक आहे. गरीब रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिस मिळावे म्हणून २०१६ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय योजना सुरू केली. काही रुग्णांना पोटात द्रव सोडून घरीच करावयाची पद्धती सोयीची पडते. मनाच्या तक्रारींसाठी २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. बंगळूरची राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था तिच्या कार्यात प्रमुख सहभागी आहे.

एखादा रुग्ण ‘आता डायलिसिस पुरे’ असे म्हणू लागला, तर त्याला रागे भरू नये व ते बोलणे उडवूनही लावू नये. ते अवसादाचे लक्षण असू शकते आणि अवसाद बरा होऊ शकतो. किंवा तो विचारपूर्वक घेतलेला निर्णयही असू शकतो. यांपैकी काय आहे, हे ठरविण्यासाठी त्याचे म्हणणे प्रथम शांतपणे ऐकून घ्यावे व डॉक्टरांना कळवावे.

शेजारी, विद्यार्थी व सहकारी यांना करता येण्यासारखे पुष्कळ आहे. रुग्णालयात सोबत जाणे, खाण्यापिण्याचा आग्रह न करणे, त्याच्या शक्तीप्रमाणे काम देणे आणि आजाराखेरीज अन्य विषयांवरही त्याच्याशी बोलणे, या गोष्टी साध्या आहेत. यंत्र रक्त शुद्ध करते. माणसाला माणसांत ठेवण्याचे काम मात्र माणसांनाच करावे लागते.