पाठ टेकायला शीक

चि. सायलीस,


कॉलेजच्या जिमखान्यात ज्युदोचा क्लास सुरू झालाय आणि तुला एकदा जाऊन बघायचंय, हे ताईने फोनवर सांगितलं. तुझ्या कुस्तीच्या वस्तादांना काय वाटेल याची तुला धास्ती आहे म्हणे. वस्तादांना आधी सांग, मग जा. त्यांच्यापासून लपवून काही शिकू नकोस. ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही. म्हणालेच तर मी येऊन बोलेन.

पहिल्या दिवशी तुला सगळ्यात जड जाईल ते पडणं. तालमीत पाऊल टाकल्यापासून तुझ्या अंगात एकच गोष्ट मुरवली आहे, की काही झालं तरी पाठ लागू द्यायची नाही. पाय सुटले तरी तू हवेत कूस बदलतेस, हात टेकवतेस, पोटावर येतेस. कुस्तीत हे बरोबरच आहे, त्यावरच निकाल लागतो. ज्युदोच्या क्लासला मात्र तुला आधी पाठीवर पडायलाच शिकवतील, तेही पुन्हा पुन्हा. त्याला उकेमी म्हणतात, आणि चांगल्या क्लासमध्ये ती आल्याशिवाय कुणालाही फेकत नाहीत.

सुरुवात उकिडवं बसून होते. मागे लवंडायचं, हनुवटी छातीला लावायची आणि नजर आपल्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची. नजर तिथे असली की डोकं मॅटला लागत नाही. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात, तळवे खाली करून, मॅटवर सपकन आपटायचे आणि श्वास सोडायचा. हात अंगापासून थोडेच लांब हवेत. खांद्याच्या रेषेत गेले तर खांदा दुखावतो, अंगाखाली आले तर मनगट. मग उभ्याने मागे पडणं, मग कुशीवर, मग पुढे कोलांटी घेऊन. बघायला हे पोरखेळ वाटतं. पण ओसोतो गारी नावाचा डाव आहे. त्यात समोरचा तुझा पाय मागून उडवतो आणि तू सरळ पाठीमागे जातेस. हनुवटी आवळायची सवय नसेल तर डोक्याची मागची बाजू आपटते. नवख्यांना ज्युदोत गंभीर इजा होते ती बहुतेक अशीच. म्हणून हा भाग कंटाळा न करता कर, आणि तुला कुस्ती येते म्हणून कुणी तो गाळायला निघालं तर तू गाळू देऊ नकोस.

मध्यंतरी मी शिकवतो त्या ज्युदोच्या क्लासमध्ये मातीतला एक मल्ल आला होता. अंगात ताकद अशी की क्लासमधलं कुणी त्याला जागचं हलवू शकत नव्हतं. पण कुणी डाव लावला की हा हवेतच वळायचा आणि खाली आधी कोपर आणायचा. सगळ्या देहाचा भार एका कोपरावर! मी त्याची जोड थांबवली आणि त्याला बाजूला नुसतं पडायला बसवलं. त्याला राग आला, पण राहिला बिचारा. आज तो निवांत पडतो आणि तसाच उठून पुन्हा हात देतो. आणि मातीत उतरला की पाठ लागू देत नाही ती नाहीच. कुठे पडायचं आणि कुठे नाही हे अंगाला कळतं, थोडा वेळ लागतो एवढंच.

दुसरी अडचण कपड्यांची. तालमीत तू मनगट धरतेस, मानेवर हात टाकतेस. इथे ज्युदोगी या पोशाखाचा जाड सुती झगा असतो. एका हाताने समोरच्याची बाही धरायची, दुसऱ्याने गळपट्टी. मुठीची शेवटची तीन बोटं घट्ट, बाकीची सैल. पहिल्या आठवड्यात बोटांची सालटं निघतील. आणि तुझी ती वाकून उभं राहायची सवय इथे घात करते, कारण समोरचा खांद्यावरून हात टाकून पाठीवरचा कपडा धरतो आणि तुला आणखी खाली दाबतो. अंग सरळ ठेव. खडाखडीत तू जोडीदाराचा तोल जसा ढळवतेस, तसाच इथे बाही ओढून ढळवायचा असतो. त्याला कुझुशी म्हणतात, आणि त्यात तू इतर नवख्यांपेक्षा पुढे असशील याची मला खात्री आहे.

पायाला हात घालून पट काढायचा मोह होईल. आवर. ज्युदोच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २०१० पासून पायाला थेट हात घालायला बंदी आली आणि २०१३ पासून उभ्या लढतीत ती पूर्ण झाली. बहुतेक क्लासही तेच पाळतात. कुस्तीगिराला हा नियम अन्यायाचा वाटतो, मलाही तो फारसा पटलेला नाही. पण तू पाहुणी म्हणून जाते आहेस. घरच्यांचा नियम पाळायचा.

जमिनीवरची एक गोष्ट नीट ध्यानात घे. कुस्तीत सापडलीस की तू पोट मातीला चिकटवतेस आणि तिथे तू सुरक्षित असतेस. ज्युदोत पालथी पडलीस की तुझी मान आणि गळपट्टी दोन्ही समोरच्याच्या हाती गेली, आणि त्याच गळपट्टीने तो गळा आवळू शकतो. पहिल्या दिवशी गळा किंवा कोपर आवळायला कुणी शिकवणार नाही, पण पुढे ते येणार. आवळलं की हाताने दोनदा थापटायचं, जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर. समोरचा लगेच सोडतो. आपल्याकडे शरण जाणं लाजेचं मानतात, म्हणून मुद्दाम सांगतो. लवकर थापट. उशिरा थापटणाऱ्याचं कोपर महिनोन्‌महिने दुखतं.

ज्युदो आणि कुस्ती एकमेकांना परकी नाहीत. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योतल्या एइशोजी या देवळात बारा तातामींच्या जागेत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. स्वतः ते अंगाने लहानखुरे. तरुणपणी आपल्यापेक्षा जड असलेला एक सहाध्यायी काही केल्या पडेना, तेव्हा त्यांनी पाश्चात्त्य कुस्तीच्या पुस्तकातला एक डाव उचलला आणि त्याला पाडलं. तोच पुढे काता गुरुमा म्हणून ज्युदोत बसला. तू बघशील तर म्हणशील, ही तर आपली कलाजंग! सेओई नागे बघितलास की धोबीपछाड आठवेल. ज्याने ज्युदो घडवला त्यालाच कुस्तीकडून घ्यायला कमीपणा वाटला नाही, मग तुला ज्युदोकडून घ्यायला का वाटावा? आणि दोन्हीकडे निकाल पाठीवरच लागतो. वेगाने, जोराने आणि ताबा ठेवून समोरच्याला पाठीवर फेकलं की इप्पोन, लढत तिथेच संपते. चितपटच की ती.

आपले पैलवान खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले ते मातीतून उठून. गादी नवी, नियम नवे. सहावे आले. तेच नियम शिकून १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. नव्या गादीवर जाणाऱ्या प्रत्येक मल्लाने हे आठवावं, असं मला मनापासून वाटतं.

आता जायची तयारी. नखं अगदी मुळाशी काप, हातापायांची दोन्ही. कानातलं, चमकी, बांगड्या घरी ठेव. केसांना साधं रबर लाव, धातूची पिन नको. झग्याच्या आत पांढरा टी-शर्ट घाल. झगा डावी बाजू वर ठेवून बांधतात. मॅटच्या काठापर्यंत चप्पल घालून जा आणि तिथेच काढ, अनवाणी पायाने स्वच्छतागृहात जाऊन मॅटवर येऊ नकोस. मॅटवर जाताना वाकून नमस्कार करतात, तू माती कपाळाला लावून आखाड्यात उतरतेस त्याच भावनेने तो कर.

गेल्या गेल्या प्रशिक्षकांना सांग की तू कुस्ती खेळतेस. ते लपवलंस तर तुला साधी नवखी समजून एखाद्या हलक्या मुलीशी जोड लावतील आणि तिला इजा होईल. सांगून झालं की मात्र कुस्तीचा विषय बंद. आमच्यात असं करतात, हे वाक्य त्या दिवशी तोंडातून येऊ नये. पांढरा पट्टा बांध आणि शेवटच्या रांगेत उभी राहा. फेकून घ्यायची वेळ आली तर काळ्या पट्ट्याची जोडीदारीण माग. नवखा जोरात ढकलतो आणि सोडून देतो. मुरलेली मुलगी तुला फेकताना शेवटच्या क्षणी तुझी बाही वर ओढून धरते, म्हणजे तुझं डोकं वर राहतं आणि तू अलगद कुशीवर येतेस. तो हात नीट बघ. पुढे तुलाही कुणासाठी तसाच धरायचा आहे.

आणि तूही डोळे उघडे ठेव. मॅटच्या तुकड्यांमध्ये फटी असतील, उकेमी न शिकवता पहिल्याच दिवशी तुला फेकाफेकीला उभी करत असतील, थाप दिल्यावर सोडत नसतील, तर नम्रपणे नमस्कार करून निघून ये. दुसरा क्लास मी बघून देईन.

एका दिवसावरून काही ठरवू नकोस. महिनाभर जा, जोर-बैठका आणि तालमीची वेळ न मोडता जा, आणि मग आवडलं का ते मला लिहून कळव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा